आमच्या गायन मंडळाने संगणक बाजूला ठेवला

२०२४ च्या वर्षावासात आमच्या गायन मंडळाने रेकॉर्डिंगचा संगणक विहाराच्या कपाटावर ठेवून दिला आणि त्याच्या जागी एक वापरलेले, आठ माईक लागणारे यंत्र विकत आणले. तेव्हापासून मनमाडला कार्यक्रमासाठी येणारे बाहेरगावचे गायक बांधव आम्हांस एकच प्रश्न विचारतात, की सारे जग संगणकाकडे चालले असताना तुम्ही उलट्या दिशेने का निघालात? प्रत्येकास तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा ते एकदा लिहून काढावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, आणि कारकून माणूस म्हणून लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात पडले.

याचे मूळ कारण म्हणजे आमचे तात्या. रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ आज ७९ वर्षांचे आहेत. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षापासून ते भीमगीते रचतात आणि गातात. त्यांच्या तीन वह्यांमध्ये मिळून १४० गाणी आहेत. त्यांपैकी चारच गाणी १९९१ साली कॅसेटवर आली होती आणि त्या कॅसेटच्या ज्या दोन प्रती मंडळाकडे होत्या त्यांपैकी एकीची फीत टेपरेकॉर्डरने केव्हाच गिळली. बाकीची गाणी वहीत आहेत, म्हणजे शब्द वहीत आहेत. चाल कुठेच नाही. तात्यांना स्वरलिपी येत नाही, आम्हालाही येत नाही. चाल त्यांच्या गळ्यात आहे आणि त्या गळ्याला कारखान्यातल्या धुराने दम्याची साथ दिली आहे.

वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. १५ मे २००४ रोजी दादा गेले. त्यांची गाणी आज पुस्तकांत वाचायला मिळतात, परंतु अमुक गाणे दादा स्वतः कोणत्या चालीत म्हणत यावरून आमच्या मंडळातच दर जयंतीला दोन तट पडतात. एवढ्या मोठ्या लोककवीच्या बाबतीत ही स्थिती, तर गावोगावच्या तात्यांचे काय होणार हा विचार आम्हाला २०१६ पासून छळत होता.

त्या वर्षी आम्ही नाशिकच्या एका स्टुडिओत तात्यांना घेऊन गेलो. तीन गाण्यांना ११,००० रुपये लागले. वर्गणी काढून काढून किती काढणार? १४० गाण्यांचा हिशोब मांडला तो पाच लाखांवर गेला, म्हणून वही मिटून ठेवली.

२०१९ साली आमच्या पुतण्याने मार्ग काढला. मुलगा हुशार, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणक शिकलेला. त्याच्या सल्ल्याने मंडळाने २२,००० रुपयांत एक वापरलेला संगणक आणि ९,००० रुपयांत इंटरफेस नावाची पेटी घेतली. माईकचा आवाज संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलून देण्याचे काम ही पेटी करते. पेटीला दोन माईक लागत. विहाराच्या मागच्या खोलीत खिडक्यांना जुन्या गोधड्या लावल्या आणि आमचा स्टुडिओ तयार झाला. आम्हाला इतका आनंद झाला होता की पहिल्या दिवशी महिला मंडळाने खीर केली होती.

अडचणी हळूहळू समजू लागल्या. पहिली अडचण आवाज उशिरा ऐकू येण्याची. संगणक आवाजावर सलग काम करीत नाही. आमच्या कार्यालयात आवक टपाल जसे गठ्ठा बांधून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तसा तो आवाजाचे लहान लहान गठ्ठे करून पुढे पाठवतो. एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. १०२४ नमुन्यांचा एक गठ्ठा धरला तर २३ मिलिसेकंद उशीर होतो. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटेल. पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळजवळ आठ मीटर जातो, म्हणजे गायकाला आपलाच आवाज २६ फुटांवरून यावा तसा कानात येतो. शिवाय येताना एक गठ्ठा आणि जाताना दुसरा, असा हा उशीर दुप्पट होतो. गठ्ठा लहान करावा तर जुन्या संगणकाला तो झेपत नाही आणि आवाजात कडकड येते. पुतण्याने शोधाशोध करून पेटीवरील एक बटण दाबले, त्यामुळे गायकाला आवाज संगणकाची वारी न करता थेट मिळू लागला. ती अडचण तेवढ्यापुरती मिटली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

दुसरी अडचण मात्र बटणाने मिटणारी नव्हती. माईक दोन आणि आमची माणसे नऊ. त्यामुळे एकेकाने येऊन आपापला भाग वाजवून जायचा. आधी ढोलकवाल्याने कानात टिकटिक ऐकत ठेका भरायचा, मग हार्मोनियम, मग बेंजो, मग तात्या, शेवटी कोरस. सिनेमाची गाणी अशीच होतात म्हणे. होत असतील. आमच्या गाण्याची रीत वेगळी आहे. कव्वालीच्या अंगाने गाणारा माणूस एखादी ओळ धरून ठेवतो, दोनदा घोळवतो, ढोलकवाल्याकडे बघून मान हलवतो आणि मग ठेका उचलला जातो. शेवटच्या अंतऱ्यापर्यंत लय चढत जाते. टिकटिक काही चढत नाही. तात्या कानाला हेडफोन लावून, गोधड्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि दोन ओळींनंतर थांबत.

"अरे बाबा, कोणाकडे बघून गाऊ?" ते विचारीत.

आम्ही काचेपलीकडे, म्हणजे गोधडीपलीकडे, पडद्यावरच्या हिरव्या-निळ्या रेषा बघत असू. त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसे. ही गोष्ट आम्हाला तेव्हा जाणवली नाही, हे कबूल करतो.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे आणि ती सांगताना आम्हाला आजही संकोच वाटतो. २०२३ च्या मार्चअखेर मंडळाचा जमाखर्च मांडताना संगणकाची पावती सापडली, पेटीची सापडली, वायरींचीसुद्धा सापडली. ज्या सॉफ्टवेअरवर सारे रेकॉर्डिंग होत होते त्याची पावती मिळेना. पुतण्याला विचारले तेव्हा तो खाली बघू लागला. ते कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेले, कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर होते. आम्ही दर बैठकीच्या आधी त्रिसरण-पंचशील घेतो. त्यात न दिलेली वस्तू घेण्यापासून विरत राहण्याची जी शिकवण आहे, ती घेऊन आम्ही चार वर्षे त्याच खोलीत बसत होतो! त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पावती मागायचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते सॉफ्टवेअर काढून टाकले आणि फुकट व कायदेशीर मिळणारे ऑडॅसिटी बसवले. ते चांगले आहे, ज्यांना संगणकावरच काम करायचे आहे त्यांनी खुशाल वापरावे. ज्याची पावती नाही ते कोणीही वापरू नये.

आता चौथी गोष्ट सांगतो. ही घडली नसती तर कदाचित आम्ही आजही संगणकावरच असतो.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी तेथे सांगितले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले आहे. तात्यांचे वडील त्या वेळी लाइनीवर गँगमन होते आणि गर्दीत मागे उभे राहून त्यांनी ते भाषण ऐकले होते. वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगतीवरून तात्यांनी १९६८ साली एक गाणे रचले. ते त्यांनी वहीत लिहिलेच नव्हते. "ते काय विसरायचंय व्हय?" असे म्हणत. तीस-बत्तीस वर्षांत कुठे गायलेही नव्हते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, जयंतीनंतरच्या एका रात्री, त्यांना ते आपोआप आठवले. पुतण्याने धावत जाऊन संगणक चालू केला. तात्या हेडफोन न घालताच गायला बसले, आम्ही टाळ्यांवर ठेका धरला. चार अंतरे झाले. शेवटचे धृपद म्हणत असताना पडदा निळा झाला आणि मग काळा. संगणक आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तेव्हा आमची फाइल जतन झालेली नव्हती. पुतण्याने पहाटे चारपर्यंत खटपट केली, पण काही हाती लागले नाही. तात्यांना पुन्हा म्हणायला सांगितले तर दम लागलेला. दोन दिवसांनी गायले तेव्हा तिसरा अंतरा गेला होता. डोके धरून बसले, आठवेना. आम्ही कोणी तो लिहूनही घेतला नव्हता. नऊ माणसे खोलीत होती आणि सगळ्यांची भिस्त त्या संगणकावर.

त्या रात्रीनंतर मंडळात दोन विचार झाले. पुतण्या म्हणाला, "नवा संगणक घेऊ, आठ माईकची पेटी घेऊ." तसे होऊ शकते, यात त्याचे चुकीचे काही नव्हते. फक्त दरपत्रके मागवली तेव्हा नवा संगणक आणि मोठी पेटी मिळून खर्च मंडळाच्या शिल्लकीच्या तिप्पट निघाला. दुसरा विचार आमच्या ढोलकवाल्याने मांडला. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. तेथे त्याने एक यंत्र पाहिले होते, ज्यात माईक लावायचे, लाल बटण दाबायचे आणि गायचे. संगणक लागत नाही.

अशी यंत्रे नवीन नाहीत. १९७९ साली टास्कॅम या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचे यंत्र काढले, ज्यात साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी भरता येत. अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये आपल्या घरच्या खोलीत बसून त्यावर गाणी भरली. पुढे मोठ्या स्टुडिओत साथीदारांसह तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधली जान त्यात येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली आणि तिचे आजही नाव घेतले जाते. मोटार कारखान्यात वगैरे कामे केलेल्या बापाच्या या मुलाची हकिगत तात्यांना सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, "त्याला दमा होता का?"

आजच्या यंत्रांत कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड असते. आम्ही घेतले ते झूम कंपनीचे आर-१६. २००९ साली बाजारात आलेले, आता नवे मिळत नाही. मुंबईच्या एका गायकाकडून वापरलेले मिळाले. त्याला एकाच वेळी आठ माईक लागतात आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर जातो. एकूण ट्रॅक १६. ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायला वर-खाली सरकवायचे फेडर आहेत. ज्या माईकना यंत्राकडून वीज लागते असे माईक मात्र दोनच ठिकाणी लावता येतात, ही गोष्ट घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. आमच्याकडे तसा माईक एकच असल्याने अडले नाही. बाकीचे माईक मंडळाच्या कार्यक्रमाचे, साधे.

ज्यांना हिशोब हवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. यंत्र १७,५०० रुपये, कार्ड ६५०, चार्ज होणाऱ्या बारा बॅटऱ्या व चार्जर २,४००, तीन वायरी १,३५०. एकूण २१,९०० रुपये. यातील ९,००० रुपये महिला मंडळाने धम्मदान म्हणून दिले आणि त्याबदल्यात एक अट घातली, ती पुढे येईल.

कार्डाचाही हिशोब आहे. २४ बिटच्या प्रतीने भरले तर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते. आठ ट्रॅकना ६४ एमबी, म्हणजे तासाला ४ जीबीपेक्षा थोडी कमी. यंत्राला चालणारे सर्वांत मोठे कार्ड ३२ जीबीचे, त्यात आठ तास मावतात. तात्यांना आठ तास गायला लावणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पहिले रेकॉर्डिंग आषाढ पौर्णिमेनंतरच्या रविवारी केले. गोधड्यांची खोली सोडली आणि विहाराच्या मोठ्या खोलीत सतरंजी टाकून, कार्यक्रमाला बसतो तसे अर्धगोलात बसलो. मध्ये तात्या, त्यांच्या समोर ढोलकवाला, कारण त्या दोघांना एकमेकांचे डोळे दिसणे जरूर होते. हार्मोनियम डावीकडे, बेंजो उजवीकडे, मागे कोरसच्या चार बाया दोन माईकवर. ढोलकला दोन माईक, एक धुमाला आणि एक शाईला. एका गाण्याचा तुकडा नुसता म्हणून पाहिला आणि आवाजाच्या पातळ्या लावल्या. येथे एक सूचना करावीशी वाटते. मंडपातल्या माईकवाल्याची सवय आवाज जेवढा वाढेल तेवढा वाढवण्याची असते. रेकॉर्डिंगमध्ये ढोलकच्या थापेला लाल दिवा लागला की तो आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही. म्हणून सर्वांत जोराच्या थापेलाही थोडी जागा शिल्लक राहील इतकेच वाढवावे. २४ बिटवर हळू भरलेला आवाज नंतर वाढवता येतो.

लाल बटण दाबले आणि ढोलकवाल्याने विचारले, "आता काय करायचं?" काहीच करायचे नव्हते. यंत्र चालू आहे एवढे सांगणारे आकडे पुढे सरकत होते, बघण्यासारखे आणखी काही नव्हते. आम्ही सगळे तात्यांकडे बघू लागलो. तात्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिले, खाकरले आणि सुरू केले.

त्या संध्याकाळी पाच गाणी झाली. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, आमचा सगळ्यांचा श्वास थांबला आणि अंधारात यंत्राचे दिवे तसेच जळत राहिले. ते आधीच बॅटरीवर चालवलेले होते. सहा पेन्सिल सेलवर आमचे यंत्र तीन-साडेतीन तास चालते. चार्ज होणारे सेल वापरताना यंत्राच्या सेटिंगमध्ये तसे नोंदवावे लागते, नाहीतर सेल किती उरले ते ते चुकीचे दाखवते. तात्या थांबले नाहीत. अंधारात गायलेले ते गाणे आमच्या संग्रहातील सर्वांत चांगले आहे असे आमचे मत आहे, मंडळात ते सर्वांना मान्य नाही.

दोष सांगितले नाहीत तर हा लेख जाहिरात होईल. सगळे एका खोलीत बसल्यामुळे ढोलकचा आवाज तात्यांच्या माईकमध्येही जातो. बेंजोवाला चुकला तर त्याची चूक पुसता येत नाही, कारण ती चार ट्रॅकवर पसरलेली असते. गाणे पुन्हा म्हणावे लागते किंवा चूक ठेवावी लागते. आम्ही बहुधा ठेवतो. विहार लाइनीजवळ असल्याने सातव्या गाण्यात मालगाडीचा भोंगा आहे आणि तो नेमका सुरात आहे, तो आम्ही काढणार नाही. यंत्राचा पडदा आगपेटीएवढा. गाण्याला नाव द्यायचे तर एकेक अक्षर बटणाने शोधावे लागते, तेही इंग्रजीत, म्हणून आम्ही नुसते क्रमांक देतो आणि वहीत नोंद ठेवतो: क्रमांक, तारीख, गाणे, कोण कोण बसले होते. कार्ड ही चीज तर नखाएवढी. एकदा ते आमच्या सदऱ्याच्या खिशातून धुण्याच्या बादलीपर्यंत जाऊन परत आले. तेव्हापासून नियम केला आहे, की रेकॉर्डिंग झाले की त्याच रात्री दोन ठिकाणी नक्कल उतरवायची आणि वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या.

नक्कल उतरवायची ती संगणकावरच. तेव्हा संगणक कपाटावर गेला तो फार दिवस राहिला नाही. येथे पुतण्याची हकिगत सांगणे भाग आहे. यंत्र आल्यावर तो दोन महिने विहारात आला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही मागे चाललात. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते." मुलाने वाचले होते. गांधी आणि काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्र माणसाला कष्टातून फुरसत देते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि दोष असेल तर तो यंत्राचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे ते म्हणतात. आम्ही म्हणालो, बाळा, हेही यंत्रच आहे आणि याच्याही पोटात एक छोटा संगणकच आहे. तो म्हणाला, "मग मी काय करू तिथं? लाल बटण दाबायला मी कशाला पाहिजे?"

याचे उत्तर आमच्याजवळ त्या दिवशी नव्हते. त्याने चार वर्षे फुकट राबून जे शिकून घेतले होते ते आम्ही एका बैठकीत मोडीत काढले होते, आणि निर्णय घेताना त्याला नीट विचारलेही नव्हते. तसे त्याला सांगितले आणि परत आलो. पंधरा दिवसांनी तो आपणहून आला, नक्कल उतरवायला बसला आणि आठ ट्रॅक वेगवेगळे मिळाल्यावर त्याचा चेहरा खुलला. आता वजनाचा मेळ तोच घालतो, म्हणजे तात्यांचा आवाज पुढे, ढोलक थोडा मागे, कोरस दोन्ही बाजूंना. कानावर विश्वास ठेवून काम करतो. गाण्यांचे शब्द टंकून प्रत्येक फाइलसोबत ठेवण्याची कल्पनाही त्याचीच.

आता महिला मंडळाची अट. यंत्र महिन्यातून एक रविवार त्यांच्या ताब्यात राहील आणि त्या दिवशी पुरुषांपैकी कोणी खोलीत असणार नाही, अशी ती होती. संगणक होता त्या पाच वर्षांत एकाही ताईने त्याला हात लावला नव्हता. "बिघडला तर?" असे म्हणत आणि आम्हीही "राहू द्या ताई, मी करतो" असे म्हणत असू. यंत्राचे बटण मात्र शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंनी अर्ध्या तासात आत्मसात केले. फेडर म्हणजे शिलाई मशीनच्या टाक्याची पट्टी, असे त्या इतरांना समजावतात. त्यांनी बाबासाहेबांचे आणि रमाईचे पाळणे भरले आहेत, काही आपल्या सासूकडून आलेले, काही माहेरचे. त्यातले निम्मे आम्ही जन्मात ऐकले नव्हते आणि ते आमच्याच वस्तीत, भिंतीपलीकडे गायले जात होते. त्या एका पाळण्यात लहान मूल रडते, आई त्याला दटावते आणि पुन्हा सुरात येते. पुतण्याने विचारले, काढू का हे? सगळ्या बाया एकदम नको म्हणाल्या.

तात्यांची आजवर ६३ गाणी झाली आहेत. थंडीत त्यांना जमत नाही, उन्हाळ्यात दोन गाण्यांवर थांबावे लागते.

मनमाडच्या परिषदेचे गाणे आम्ही गेल्या महिन्यात तीन अंतऱ्यांचे भरले, गेलेल्या अंतऱ्याची जागा सोडून. ते ऐकत असताना कोरसमधल्या एका काकू म्हणाल्या, की हा अंतरा मला येतो, माझे वडील म्हणायचे. त्यांनी म्हणून दाखवला. त्यात परिषदेला पायी आलेल्या बायांचे वर्णन आहे. तात्या म्हणाले, "हा माझा नाही. माझ्यात गँगमनच्या कंदिलाचं होतं." काकू ऐकेनात. त्यांच्या वडिलांनी हे गाणे तात्यांच्याच तोंडून १९७० च्या सुमारास ऐकले होते, तेव्हा बदलले असेल तर तात्यांनीच बदलले असेल, असे त्यांचे म्हणणे. बराच वेळ वाद झाला. शेवटी काकूंचा अंतरा नवव्या ट्रॅकवर भरून ठेवला आणि दहावा ट्रॅक तात्यांसाठी रिकामा सोडला आहे. परवा सकाळी त्यांचा नातू कार्यालयात आमच्याकडे चिठ्ठी घेऊन आला. कंदिलाच्या दोन ओळी आठवल्या आहेत, रविवारी या, सेल चार्ज करून आणा, असे त्यात लिहिले होते.